गाय उलटली की दोष गाईलाच? वळूच्या बीजामागची जनुकं आणि साठ दिवसांचा हिशोब

मन्याडकाठ | ९ जून, रात्री ९.४०

कंधार-लोहा पट्ट्यात जनावरांची डॉक्टर म्हणून फिरते. परवा एका वाडीवर दावणीला तीन लाल कंधारी गाई बघितल्या. तिन्ही धडधाकट, अंगावर मांस, माज नियमित. मालक म्हणाले, "मॅडम, चार-चार वेळा उलटल्या, वळू लावूनही गाभण राहिल्या नाहीत. पाऊस पडायच्या आत बाजार दाखवायचा." वळू कोणता, विचारलं. गावचाच. त्याला कधी तपासलं का? ओट्यावरचे सगळे गप्प. गाईंना बघायला दोन डॉक्टर येऊन गेले होते, गर्भाशय धुऊन झालं होतं, खनिज मिश्रण झालं होतं, अंगारासुद्धा लावून झाला होता. वळूच्या मागे मात्र कुणी उभं राहिलं नव्हतं.

ही गोष्ट मी इतक्यांदा बघितली आहे की आज सविस्तर लिहायचंच ठरवलं.

२०२२ ला आपल्याकडे लम्पी हा जनावरांचा साथीचा त्वचारोग आला तेव्हाची गोष्ट. एका गावचा वळू आजारातून उठला. ताप उतरून पाच आठवडे झाले होते, खात-पीत होता, गाईवर उडी मारत होता. तरी लागोपाठ अकरा गाई उलटल्या. त्यातल्या दोन भाकड म्हणून विकल्या गेल्या. मी सूक्ष्मदर्शक घेऊन गेले. चांगल्या वीर्याचा थेंब कोमट काचपट्टीवर ठेवला की वळवाच्या आधी आभाळ फिरतं तसा दिसतो; ढग एकमेकांत घुसतात, लाटा उठतात. या थेंबात काहीच हलत नव्हतं. मोठं करून पाहिलं तर निम्म्या शुक्राणूंच्या शेपट्या विळ्यासारख्या वळलेल्या, कितीतरी डोकी शेपटीपासून सुटून नुसती पडलेली.

वळू बरा झाला होता, पण बीज आजारातलंच होतं.

गाय-बैलांच्या वर्गात एक शुक्राणू वृषणात घडायला ६१ दिवस लागतात. त्यानंतर वृषणाला चिकटलेली जी लांबच लांब नळीची गुंडाळी असते, तिच्यात तो आणखी आठ-दहा दिवस पिकतो. तेव्हा कुठे त्याला पोहता येतं. म्हणजे आज वळूने जे वीर्य टाकलं त्याची पेरणी सव्वादोन महिन्यांपूर्वीची. माणसात हे ७४ दिवस, मेंढ्यात ४७, उंदरात ३५. मधल्या कुठल्याही दिवशी ताप आला, ऊन लागलं, चारा तुटला, तर त्या दिवशी ज्या पायरीवर ज्या पेशी होत्या त्या बिघडतात आणि तो बिघाड बाहेर दिसतो काही आठवड्यांनी. तोवर ताप कधी आला होता ते घरचेही विसरलेले असतात.

या साठ दिवसांत कुठल्या दिवशी काय व्हायचं ते जनुकं ठरवतात. वृषणातली एक पेशी आधी नुसतीच दुप्पट-दुप्पट होते. मग कुठलंतरी जनुक जागं होतं आणि तिला सांगतं, आता तुझी गुणसूत्रं अर्धी कर. तिथून चार गोल पेशी निघतात. त्या गोल पेशीला शेपटी फुटते, डोकं निमुळतं होतं, आतला सगळा डीएनए दाबून बसवला जातो. प्रत्येक पायरीवर वेगळी जनुकं चालू आणि वेगळी बंद. शरीरातल्या कुठल्याही अवयवापेक्षा जास्त खास स्वतःची अशी जनुकं वृषणातच चालतात. उंदरांत एकेक जनुक बंद करून बघितलं गेलंय आणि अशी शेकडो जनुकं सापडली की जी बंद पडली तर उंदीर वरून ठणठणीत, पण पिल्लं होत नाहीत.

त्या लम्पीवाल्या वळूला आम्ही तीन महिने विश्रांती दिली. तिसऱ्या तपासणीला थेंबात पुन्हा ढग फिरले. विकलेल्या दोन गाई मात्र गेल्या त्या गेल्याच.

तुमच्याकडे काय अनुभव आहे ते लिहा. प्रश्न विचारा, मला येतं तेवढं सांगीन.

तेरणाकाठचा | ९ जून, रात्री १०.२५

मॅडम, बरं झालं लिहिलं. आमच्याकडं देवणी जातीचं जनावर हाय, त्यातला वानेरा प्रकार. सात वर्षाचा वळू, वडिलांनी हाळीच्या बाजारातून आणलेला. आजूबाजूच्या पाच गावच्या गाई येतात त्याच्याकडं. औंदा एप्रिलपासून गाई उलटायल्यात. लोक म्हणायलेत वळू म्हातारा झाला, काढून टाका. मला काय ते पटंना. सात वर्ष म्हणजे काय वय हाय का?

मन्याडकाठ | ९ जून, रात्री १०.५०

दादा, सात वर्षं म्हणजे भर उमेद. त्याला काढू नका. खायला काय घालता, बांधता कुठे, आणि फेब्रुवारीपासून आजारी पडला होता का, एवढं सांगा.

तेरणाकाठचा | १० जून, सकाळी ६.१५

आजारी नाही पडला. फेब्रुवारीतच हिरवं संपलं, विहिरीनं तळ गाठला. तवापासून ज्वारीचा कडबा आन् सरकी पेंड. पेंड सढळ हातानं, दिवसाला चार किलो तरी जाती. ताकदीचं जनावर हाय, कमी कसं घालावं? गोठ्याला पत्रे. दुपारी पत्र्याखाली भट्टी व्हती, ते खरं हाय.

मन्याडकाठ | १० जून, दुपारी १.३०

दादा, तुम्ही एकाच वेळी तीन कारणं सांगितलीत. एकेक करून बोलते.

पत्रा. वृषणं पोटाबाहेर लोंबतात ती उगीच नाहीत. आतलं काम शरीराच्या तापमानापेक्षा चार-पाच अंशांनी थंड जागेतच नीट होतं. वर जाणाऱ्या थंड रक्ताच्या शिरा खाली येणाऱ्या गरम रक्ताच्या नळीभोवती वेलीसारख्या गुंडाळलेल्या असतात, त्या रक्त थंड करून आत सोडतात. थंडीत पिशवी आखडते, उन्हात सैल सुटते. पण मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश आणि पत्र्याखाली त्याहून जास्त, मग सैल सोडूनही थंडावा कुठून येणार? इतर पेशींना उष्णता लागली की त्यांची बचावाची जनुकं जागी होतात आणि पेशी तगते. गुणसूत्रं अर्धी करायच्या टप्प्यावरच्या पेशी मात्र उष्णतेत तगण्याऐवजी स्वतःला संपवून घेतात. खराब माल पुढे जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. पण संख्या पडते, आणि जे वाचतात त्यांच्यात वाकडे-तिकडे जास्त असतात.

सरकी. सरकीत गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं, कपाशीने किडीपासून बचावासाठी केलेलं. चीनमध्ये १९७० च्या दशकात पुरुषांची गर्भनिरोधक गोळी म्हणून हेच द्रव्य हजारो पुरुषांना देऊन बघितलं होतं. रक्तातलं पोटॅशियम घटायला लागलं आणि काहींची शुक्राणूनिर्मिती पुन्हा सुरूच झाली नाही, म्हणून ते मागे पडलं. गाईच्या पोटात त्यातलं बरंचसं बांधलं जातं, त्यामुळे दुभत्या गाईला मापात पेंड चालते. पैदाशीच्या वळूला रोज चार किलो नको. शुक्राणूच्या डोक्याच्या आणि शेपटीच्या मधला जो भाग असतो, जिथून पोहायची ताकद येते, तोच गॉसिपॉलने बिघडतो.

तिसरं कारण हिरव्या चाऱ्याचं. त्याबद्दल माझ्यापेक्षा चांगलं सांगू शकेल असा एकजण या मंचावर आहे, लेंडीकाठ. बघतोय का?

दुधना | १० जून, सायंकाळी ७.०५

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. "मुलगा की मुलगी हे वडिलांच्या गुणसूत्रावर ठरतं" एवढंच आमच्या पाठात येतं आणि दरवर्षी एखादी मुलगी घरी जाऊन आजीला सांगते. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन सांगते की आजी ऐकत नाही. पण शुक्राणू कसा घडतो यावर एक परिच्छेद आणि एक आकृती. मॅडम, एक विचारते. खेचराला पिल्लं होत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. ते याच अर्ध्या करण्याच्या टप्प्यामुळे का?

लेंडीकाठ | १० जून, रात्री ११.२०

नमस्कार. मी मुखेडचा, हैदराबादला पेशीजीवशास्त्रात संशोधन करतो.

दुधनाताई, हो, तिथेच अडतं. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२. खेचराला घोडीकडून ३२, गाढवाकडून ३१, मिळून ६३. अर्धी करायच्या आधी प्रत्येक गुणसूत्राने आपला जोडीदार शोधून त्याला लांबीभर चिकटायचं असतं. त्यासाठी पेशी स्वतःचाच डीएनए शेकडो ठिकाणी मुद्दाम तोडते. स्पो११ नावाचं जनुक ती कात्री बनवतं. तुटलेली टोकं जोडीदाराचा सारखा धागा शोधत जातात आणि सापडला की त्याच्या आधाराने सांधली जातात. खेचरात धागे जुळत नाहीत, टोकं उघडी राहतात, आणि पेशीतली तपासनीस यंत्रणा ती पेशी तिथेच थांबवते. वळू-गाईतही याचा छोटा अवतार आहे. १९६४ साली स्वीडनमध्ये लाल-पांढऱ्या गुरांत १ आणि २९ क्रमांकाची गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली सापडली. असा वळू दिसायला उत्तम असतो, फक्त त्याच्या गाई जरा जास्त उलटतात. म्हणून गोठवलेल्या वीर्याच्या मात्रांसाठी वळू निवडताना त्याची गुणसूत्रं मोजून घेतात.

आता तेरणादादांचा कडबा.

वृषणातल्या नळीच्या कडेला मूळ पेशी बसलेल्या असतात. त्यांच्यापुढे रोज एकच प्रश्न: बियाण्याला किती ठेवायचं आणि पेरायला किती काढायचं. शेजारच्या सर्टोली पेशी, ज्या या सगळ्या पोरांना मांडीवर घेऊन वाढवतात, त्या जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात. ते प्रथिन म्हणजे "बियाणं राखून ठेव" हा निरोप. उंदरात या जनुकाची एक प्रत काढली तर निरोप कमी पडतो, मूळ पेशी हळूहळू सगळ्या पेरल्या जातात आणि कणगी रिकामी होते. उलट हे जनुक जास्त चालवलं तर बियाण्याचे ढीग साठतात, पेरणी होतच नाही. दोन्हीकडे वांझपण.

पेरायला काढायचा निरोप मात्र बाहेरून येतो, आणि तो येतो जीवनसत्त्व अ मधून. हिरव्या पाल्यातलं कॅरोटीन, त्यापासून जीवनसत्त्व अ, त्यापासून वृषणात रेटिनोइक आम्ल. हे आम्ल पेशीच्या केंद्रात जाऊन जनुकांवर बसलेल्या प्रथिनांना चिकटतं आणि स्ट्रा८ नावाचं जनुक उघडतं. या जनुकाचं नावच "रेटिनोइक आम्लाने जागं होणारं आठवं" असं आहे. ते उघडल्याशिवाय पेशी अर्धी व्हायच्या वाटेला लागत नाही; २००६ मध्ये मादी आणि २००८ मध्ये नर उंदरांत हे जनुक काढून ते सिद्ध झालं. त्याच्याही कितीतरी आधी, १९२५ साली, जीवनसत्त्व अ काढून घेतलेल्या उंदरांची वृषणं सुकतात हे दिसलं होतं. फक्त कारण कळायला ऐंशी वर्षं गेली. अशा उंदरांच्या नळ्यांत मूळ पेशी आणि सर्टोली पेशी तेवढ्या उरतात, बाकी सगळं रिकामं. आणि जीवनसत्त्व परत दिलं की थांबलेल्या सगळ्या पेशी एकदम निघतात, पहिल्या पावसावर सगळ्या शिवारात एकाच दिवशी पाभर चालावी तशा.

आपल्या भागातला माणूस म्हणून मला हे फार लागतं. उन्हात वाळलेल्या कडब्यात कॅरोटीन नावापुरतं उरतं. दुष्काळात छावणीवर जनावर जगतं, पोट भरतं, पण तो निरोप देणारं द्रव्य चाऱ्यात नसतं.

मन्याडकाठ | ११ जून, सकाळी ७.३०

फार छान सांगितलंस. एक जोडते, म्हणजे कुणी घाबरून लगेच इंजेक्शन मागायला जाणार नाही. जनावराच्या यकृतात जीवनसत्त्व अ साठून असतं आणि तो साठा दोन-चार महिने पुरतो. म्हणून हिरवं संपल्या-संपल्या काही दिसत नाही. फेब्रुवारीत हिरवं तुटलं तर त्रास जून-जुलैत. तेरणादादांच्या वळूची तक्रार एप्रिलपासून आहे, म्हणजे आधी सरकी आणि पत्रा. हिरव्या चाऱ्याचा तोटा वरून भर घालायला आत्ता येतोय.

पूर्णा_पूल | ११ जून, सकाळी ९.१०

माझं जरा वेगळं मत. जनुकं-बिनुकं म्हटलं की लोक म्हणतात रक्तच खराब, खानदानच खराब. गावात आधीच एखाद्या घराण्याच्या जनावरावर शिक्का मारतात. माणसांवरही मारतात. हा शब्द जपून वापरावा असं वाटतं.

लेंडीकाठ | ११ जून, सकाळी ११.४५

तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि म्हणूनच फरक स्पष्ट करतो. जनुक असणं वेगळं, जनुक चालू होणं वेगळं. तेरणादादांच्या वळूकडे स्ट्रा८ शाबूत आहे, त्याला उघडणारं द्रव्य कमी पडू शकतं. चारा बदलला की ते उघडेल. रक्तात काहीही खोट नाही.

जिथे जनुकच तुटलेलं असतं ते प्रकार वेगळे आणि बरेच कमी. त्यातही "खानदान" म्हणणं चूक. पुष्कळदा ती तूट त्या एकाच जिवात नव्याने झालेली असते, बापात नसते.

जनुकांची पकड किती घट्ट असते त्याचं एक उदाहरण मला नेहमी थक्क करतं. घुशीएवढ्या मोठ्या उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, मूळ पेशी छोट्या उंदराच्या वृषणात रुजवल्या. छोट्या उंदराचा हिशोब ३५ दिवसांचा, मोठ्याचा ५२ चा. सर्टोली पेशी छोट्याच्या, रक्त छोट्याचं, घर सगळं छोट्याचं. तरी मोठ्या उंदराच्या पेशींनी स्वतःचेच ५२ दिवस घेतले. १९९८ चं हे काम. वेळापत्रक त्या पेशी स्वतःबरोबर घेऊन येतात. त्यामुळे कुठलंही टॉनिक ६१ दिवसांचे ३० करू शकत नाही. "पंधरा दिवसांत बीज सुधारा" अशी पुडी कुणी विकत असेल तर हा प्रयोग आठवा.

बिंदुसरा | १२ जून, दुपारी ३.५०

दोन दिवस हा धागा वाचतेय. लिहू की नको करत होते. धागा जनावरांचा आहे, पण मला माझंच दिसलं त्यात.

लग्नाला सात वर्षं झाली तोवर मूल नव्हतं. सात वर्षांपैकी सहा वर्षं फक्त माझ्या तपासण्या झाल्या. दोनदा दुर्बीण घातली पोटात. नळ्या मोकळ्या, गर्भाशय चांगलं, सगळं चांगलं. तरी दर महिन्याला गोळ्या, इंजेक्शनं. सासूबाईंनी नवस बोलले, मी उपास केले. ज्या दवाखान्यात आम्ही जात होतो तिथे एकदाही कुणी म्हटलं नाही की यांचंही एकदा बघू. काहीशे रुपयांची तपासणी ती. सातव्या वर्षी दुसऱ्या शहरात दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ह्यांना डबी दिली. रिपोर्ट आला: शुक्राणू शून्य.

हे त्या रात्री जेवले नाहीत. मीही काही बोलले नाही. मला राग यायला हवा होता, पण ह्यांचा चेहरा बघून रडूच आलं.

पुढे रक्ताची तपासणी झाली, त्यात वाय गुणसूत्राचा एक तुकडा नाही असं निघालं. "एझेडएफ-सी" असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी समजावलं, पण त्या दिवशी डोक्यात काही शिरलं नाही. लेंडीकाठ भाऊ, तुम्ही ते साध्या शब्दांत सांगाल का? आता मला समजून घ्यायचंय.

लेंडीकाठ | १२ जून, रात्री १०.१५

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं केलंत. सांगतो.

बाळ मुलगा व्हायचं ते वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय या एका जनुकामुळे. ते १९९० मध्ये सापडलं. पुढच्याच वर्षी ते जनुक मादी होऊ घातलेल्या उंदराच्या गर्भात घातलं आणि तो नर झाला, वृषणं आली. पण त्याला शुक्राणू झाले नाहीत. म्हणजे वृषण उभं करायला एसआरवाय पुरतं, आत बीज घडवायला वायवरचीच आणखी जनुकं लागतात. ती वायच्या लांब हाताच्या बाजूला आहेत. त्या जागेला एझेडएफ म्हणतात आणि तिचे तीन भाग करतात: ए, बी आणि सी. सी भागात डीएझेड नावाच्या जनुकाच्या चार प्रती असतात. ही जनुकं फक्त बीज घडवणाऱ्या पेशींत चालतात. म्हणून तुमच्या मिस्टरांची दाढी-मिशी, आवाज, ताकद, नवरा-बायकोचं सगळं व्यवस्थित असणार. बाहेरून कळायला मार्गच नाही.

तो तुकडा गेला कसा? वायला जोडीदार नसतो, म्हणून तो स्वतःवरच दुमडून स्वतःची दुरुस्ती करतो. त्याच्यावर एकसारखे लांब पट्टे वारंवार आलेत. कधीतरी दुमडताना चुकीचे दोन पट्टे जुळतात आणि मधला सुमारे ३५ लाख अक्षरांचा भाग गळून पडतो. बहुतेक वेळा हे अशा पुरुषाच्या वडिलांच्या वृषणातच, बीज घडताना, पहिल्यांदा घडतं. वडिलांचा स्वतःचा वाय पूर्ण असतो. कुणाचं काही चुकलेलं नसतं.

ए किंवा बी भाग पूर्ण गेला असेल तर शुक्राणू मिळायची आशा जवळपास नसते. सी गेला असेल तर पुष्कळांच्या वृषणात एखाद-दुसऱ्या नळीत थोडे शुक्राणू घडत असतात. वीर्यात शून्य असले तरी वृषणातून काढता येतात आणि एकेक शुक्राणू एकेका अंड्यात टोचून गर्भ करता येतो. मुलगा झाला तर मात्र त्याच्याकडे तोच तुटका वाय जातो. मुलीला वडिलांचा वाय जातच नाही, म्हणून तिच्यात हा प्रश्न येत नाही.

बिंदुसरा | १३ जून, सकाळी ८.०५

"कुणाचं काही चुकलेलं नसतं" हे वाक्य मी ह्यांना वाचून दाखवलं.

आम्हाला टोचून गर्भ करायचा मार्ग सांगितला होता. पैसा नव्हता आणि माझं शरीरही थकलं होतं. आम्ही दत्तकासाठी नोंदणी केली. दोन-अडीच वर्षं थांबावं लागलं. मुलगी आता पहिलीत जाते. परवा शाळेचा पहिला दिवस आहे, दप्तरावर नाव लिहून घेतलंय.

एवढंच सांगते, घरात कुणाला मूल होत नसेल तर बाईला पहिली सुई टोचायच्या आधी पुरुषाची डबी द्या. दोघांची तपासणी एकाच दिवशी.

मन्याडकाठ | १३ जून, सकाळी ८.४०

ताई, तुमच्या लेकीला खूप आशीर्वाद.

माणसांच्या तपासणीबद्दल एक जोडते, मी माणसांची डॉक्टर नाही तरी. एका रिपोर्टवर कुणी निकाल लावून घेऊ नका. ७४ दिवस आणि पुढे पिकायचे दिवस धरले तर तो रिपोर्ट जवळपास तीन महिन्यांपूर्वीचं सांगतो. मधे डेंग्यू झाला असेल, टायफॉइड झाला असेल, भट्टीवर काम असेल, तर संख्या तात्पुरती पडलेली असू शकते. पुन्हा तपासावंच.

सरकी_ते_सूत | १३ जून, दुपारी २.३०

जिनिंगवर काम करतो. सरकीच्या पेंडीबद्दल वाचून काळजी वाटली, आमच्या घरी शेळ्या आहेत, उस्मानाबादी, एक बोकड. त्याला पेंड बंद करू का? आणि आणखी एक. माझे आजोबा भुंडा बोकड ठेवत नसत. म्हणायचे शिंगवालाच पाहिजे. ह्यात काही तथ्य आहे का नुसती समजूत?

मन्याडकाठ | १३ जून, रात्री ९.००

पैदाशीच्या बोकडाला सरकीऐवजी सोयाबीन किंवा शेंगदाणा पेंड द्या. लातूर भागात तर सोयाबीन पेंडीला तोटा नाही.

आजोबांच्या म्हणण्याला आधार आहे. सानेनसारख्या युरोपीय शेळ्यांत बिनशिंगी करणारा जो फेरबदल आहे, तो वृषण की बीजांडकोष हे ठरवणाऱ्या जनुकाच्या शेजारीच आहे. दोन्ही पालक भुंडे असतील आणि पिलात दोन्हीकडून तो फेरबदल आला, तर मादी व्हायचं पिलू नरासारखं आणि वांझ निघतं. काही नरांत बीज बाहेर यायच्या नळ्या तुंबतात. हे २००१ मध्ये उलगडलं. म्हणून तिथले पाळणारे शिंगाचा बोकड वापरतात. आपल्या उस्मानाबादीतही भुंड्या शेळ्या बऱ्याच असतात, तेव्हा आजोबांची रीत चालू ठेवा, त्यात नुकसान काही नाही.

दुधना | १५ जून, सायंकाळी ६.४०

अजून एक शंका, मुलं विचारतील म्हणून. शुक्राणूत अर्धीच गुणसूत्रं. एकात एक्स, एकात वाय. मग वायवाल्या शुक्राणूला एक्सवरची जनुकं मिळतच नाहीत, तो जगतो कसा?

लेंडीकाठ | १५ जून, रात्री १०.५०

ताई, हा प्रश्न नववीतल्या पोराने विचारला तर त्याची पाठ थोपटा.

दोन उत्तरं आहेत. पहिलं, एका मूळ पेशीपासून निघालेल्या सगळ्या बहीण-भाऊ पेशी शेवटपर्यंत पूर्ण वेगळ्या होतच नाहीत. त्यांच्यात बारीक पूल राहतात आणि त्यावरून जनुकांचे निरोप इकडून तिकडे जातात. एक्सवाल्याकडचं वायवाल्याला मिळतं. एकाच ताटात जेवणारी भावंडं.

दुसरं, अर्धी व्हायच्या टप्प्यावर एक्स आणि वाय दोघंही एका कोपऱ्यात गुंडाळून पूर्ण बंद केले जातात. तेव्हा साखरेपासून ताकद काढायला लागणारं एक्सवरचं जनुक बंद पडतं. त्यासाठी उत्क्रांतीत त्याची एक जास्तीची प्रत दुसऱ्या गुणसूत्रावर तयार झालेली आहे, आणि ती वृषणातच चालते.

शेवटचा टप्पा तर बायकांनी पावसाळ्याआधी करून ठेवलेल्या बेगमीसारखा. शुक्राणूचं डोकं छोटं करायचं म्हणून डीएनएच्या आतली नेहमीची हिस्टोन नावाची प्रथिनं काढून प्रोटामीन घालतात. सैल पडलेला कडबा दाबून वळई रचावी तसा डीएनए दाबला जातो. एकदा दाबला की एकही जनुक वाचता येत नाही. म्हणून पुढे लागणारे सगळे निरोप आधीच लिहून, बांधून ठेवलेले असतात आणि आठवडाभरानंतर एकेक करून उघडले जातात. क्रेम नावाचं जनुक या साठवणीची सुरुवात करून देतं. १९९६ मध्ये ते काढलेल्या उंदरांत गोल पेशी झाल्या, पण एकालाही शेपटी फुटली नाही.

आणि आपल्या जनावरांसाठी एक आशेची गोष्ट. नॅनोस२ हे जनुक काढलं की नरात मूळ पेशी राहत नाहीत, पण सर्टोली पेशींचं घर शाबूत राहतं. २०२० मध्ये अशा बोकड-डुकरांत दुसऱ्या नराच्या मूळ पेशी रुजवून त्यांच्याकडून त्या दुसऱ्याचंच बीज तयार करून घेतलं. उद्या देवणीतल्या शेवरा प्रकारचा किंवा लाल कंधारीचा एखादा चांगला वळू म्हातारा झाला तर त्याच्या मूळ पेशी जपता येतील, असं मला मनापासून वाटतं.

तेरणाकाठचा | २२ जून, सकाळी ६.३०

मॅडम येऊन गेल्या. थेंब मलाबी दाखवला. थोडे हलत होते, बरेच जागच्या जागी गोल फिरत होते, पुढं जात नव्हते. शेजारचे चार जण बी बघून गेले. सरकी बंद केली, सोयाबीन पेंड चालू. पत्र्यावर उसाचं पाचट टाकून पाणी मारायलो. बोअरच्या पाण्यावर दोन गुंठे लसूणघास केला, फक्त त्याच्यासाठी. सव्वादोन महिने एकबी गाय लावायची नाही म्हणून मॅडमनी सांगितलं. पाच गावच्या लोकास्नी तसं कळवलं. काहीजण नाराज झाले.

मन्याडकाठ | २२ जून, रात्री ८.१५

दादा, नाराज होऊ द्या. गोठ्यातल्या खिळ्याला एक कॅलेंडर लावा आणि आजच्या तारखेला खूण करा. आणि तुमच्याकडे या वर्षीचे जे गोऱ्हे आहेत त्यांचं दूध तोडू नका. वासरू पहिल्या सहा-सात महिन्यांत जे खातं त्यावर पुढे वृषण केवढं होणार ते बरंचसं ठरतं. सर्टोली पेशी वयात यायच्या आधीच मोजून तयार होतात, नंतर वाढत नाहीत.

तेरणाकाठचा | ३० ऑगस्ट, सायंकाळी ७.२०

काल मॅडमनी परत तपासलं. औंदा पाऊस बरा झाला, घास गुडघ्याएवढा हाय. थेंब बघितला. पहिल्यांदा काय बघायचं ते कळत नव्हतं, ह्या वक्ती कळलं. खरंच ढग फिरायले होते.

आज माझीच गाय माजावर आली, तिला लावली. पूर्णा_पूल भाऊंच्या पाहुण्यांची एक येणार हाय उद्या. लागली का उलटली ते एकवीस दिवसांनी सांगतो.